आत्याबाईंच्या मंगलाष्टकांना एको

मी एकदा मनावर घेतलं ना, की घोगऱ्या माणसाचाही गायक करून दाखवतो! दिवसभर वाळूजच्या कंपनीत स्पेअर पार्ट तपासायचे आणि घरी आल्यावर लॅपटॉपवर गाणी करायची, हा माझा छंद. त्यामुळं मेहुण्याचं, म्हणजे विश्वजीतचं लग्न ठरलं आणि मंगलाष्टकं मनकर्णाआत्या म्हणणार असं कळलं, तेव्हा मी छातीठोकपणे जाहीर केलं, "आवाजाचं माझ्याकडं सोडा!"

मनकर्णाआत्या ही माझ्या बायकोची, मंजुषाची सख्खी आत्या. मुक्काम पिशोर. आवाज असा, की या बांधावरून हाक मारली तर त्या बांधावरचा बैल मान वर करतो! सूर मात्र अधूनमधून शेजाऱ्याच्या वावरात जातो.

"दाजी, साधा माइक बस झाला की," विश्वजीत चाचरत म्हणाला.

"अरे, साधं तर कुणीही करतं!"

मी कामाला लागलो. सॉफ्टवेअरमध्ये तीन प्रीसेट बसवले. प्रीसेट म्हणजे आवाजाचा तयार साज. बटण दाबलं की माइकमधला आवाज तो साज घालूनच स्पीकरातून बाहेर पडणार. एक नंबरचं बटण 'रेशीम': सूर घसरला की सॉफ्टवेअर त्याला गुपचूप जागेवर आणणार. दोन नंबर 'मंदिर': गाभाऱ्यात घुमतो तसा एको. तीन नंबर 'राक्षस'. हा भाच्याच्या शाळेतल्या नाटकासाठी केला होता.

"तो राक्षस आधी काढून टाका," मंजुषा म्हणाली.

"अगं, त्याला हात कोण लावतंय!"

बीड बायपासवरच्या कार्यालयात वऱ्हाड जमलं. नवरी स्वराली सोयगावची. तिकडची मंडळी दोन गाड्या भरून आलेली. गुरुजींनी शहागंजच्या बँडवाल्याला बजावलं, "मास्टर, पाचव्या 'सावधान'ला वाजवायचं. त्याच्या आधी नाही. मुहूर्त महत्त्वाचा!"

अंतरपाट धरला. मी एक नंबर दाबला. आत्यांनी सुरुवात केली आणि काय सांगू, लोणी हो लोणी! सासरे नानासाहेब डोळे पुसत म्हणाले, "ही आपली मनकर्णाच हाय ना?" लोक माझ्याकडं वळून बघायला लागले. मंजुषानं तर चक्क कौतुकानं पाहिलं. लग्नानंतर पहिल्यांदाच!

तिथंच मला माज आला. दुसऱ्या मंगलाष्टकाला मी 'मंदिर' लावलं आणि एको जरा सढळ हातानं वाढवला.

"शुभ मंगल सावधान!" आत्या म्हणाल्या.

"सावधान!" स्पीकर म्हणाला. "सावधान! सावधान! सावधान!"

दर 'सावधान'ला पब्लिक अक्षता टाकतंय! पहिल्या झटक्यात मुठी रिकाम्या झाल्या. दुसऱ्यात ताटं. एका काकूंनी घाईघाईत पर्समधली बडीशेपच उधळली! दारात मास्टर ओरडले, "पाँच हो गये! बजाओ रे!"

ढोल, ताशे, क्लॅरिनेट, सगळं एकदम! धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला, स्वरालीनं हार उचलला, बाहेर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. गुरुजींचा चेहरा टोमॅटोसारखा झाला. त्यांनी आत्यांच्या हातातला माइक ओढला. एको बंद करावा म्हणून मी घाबरून बटण दाबलं. बोट पडलं तीनवर.

"थांबाऽऽ! हे लग्न लागलेलं नाहीऽऽ!"

पाताळातून यावा तसा आवाज! बँड जागच्या जागी गार. दोन पोरं रडायला लागली. नवरीचे वडील लक्ष्मणराव ताडकन उठले.

"कोण हाय रे त्यो? कुणाचा इरोध हाय या लग्नाला?"

स्वरालीच्या दोन्ही भावांनी बाह्या सरसावल्या. "मंडपातच हाय कुठंतरी! दार लावा रे!"

"नाय हो पाव्हणं, आमच्याकडचं कुणी नाय!" नानासाहेब हात जोडून सांगत होते.

"मंग कुणाकडचं? आमची पोरगी काय रस्त्यावर पडलीय व्हय?"

आता विश्वजीतचं लग्न मोडतंय! मी धावत स्टेजवर गेलो, गुरुजींच्या हातून माइक घेतला आणि नम्रपणे सांगितलं,

"मीऽऽच तोऽऽ!"

पुढचं 'नवरदेवाचा दाजी' म्हणायच्या आत दोन्ही भावांनी माझी कॉलर धरून मला अधांतरी उचललं होतं. पाय हवेत, हातात माइक आणि स्पीकरातून राक्षस ओरडतोय, "मंजूऽऽ, वाचव गंऽऽ!"

मंजुषानं शांतपणे जाऊन वायर उपटली. माझा खरा आवाज बाहेर आला, तो उंदरासारखा. आधी हसली ती स्वराली. हार हातात घेऊन इतकी हसली की मुंडावळ्या नाकावर आल्या. तिला बघून विश्वजीत हसला, मग लक्ष्मणरावांच्या मिशाही हलल्या. भावांनी मला खाली ठेवलं आणि माझा सदरा झटकून दिला.

"आता गुमान बसा समदे," मनकर्णाआत्या म्हणाल्या. "मला नाय लागत माइक-बिइक."

राहिलेली मंगलाष्टकं त्यांनी तशीच म्हटली. सूर घसरला, पण मुहूर्त सापडला! अक्षता नव्हत्या, म्हणून लोकांनी मंडपाच्या माळा ओरबाडून झेंडूच्या पाकळ्या टाकल्या.

पंगतीत मी मान खाली घालून बसलो होतो. गुरुजी शेजारी येऊन बसले, घसा खाकरला.

"राजेंद्रराव, इतकी वर्षं लग्नं लावतोय, पण एका शब्दात बँड गप्प झालेला आजच पाहिला. तो राक्षसाचा आवाज पुढच्या लग्नात मिळेल का?"

मी हुरळून म्हणालो, "मिळेल का म्हणजे? मी स्वतः घेऊन येतो की!"

"नको, नको!" गुरुजी घाईघाईनं म्हणाले. "राक्षस एकटाच पाठवा. त्याला आम्ही सांभाळू."