चार लिंबं आणि एक ओटीपी

राजूरच्या गणपतीसमोर नव्या गाडीच्या चारही चाकांपुढे लिंबं ठेवली, पुजारी म्हणाले, "घ्या पुढं," धर्मराजने ऐटीत बटण दाबलं आणि गाडी ढिम्म हलली नाही.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली. शेजारी बसलेल्या मीनाने ती मोठ्याने वाचली. "इंजिनाच्या सॉफ्टवेअरमध्ये अनधिकृत बदल. वाहन लॉक करण्यात आले आहे. अहो, हे काय हो?"

धर्मराजच्या तोंडचं पाणीच पळालं. हे काय, ते फक्त त्याला आणि जालन्याच्या हरिओम मेकॅनिकला ठाऊक होतं.

सगळ्याचं मूळ म्हणजे बदनापूरचे साडू, बद्रीनाथ. कुठंही सोबत निघाले की ते आपली जुनी गाडी सुसाट पुढे काढायचे. मग वाटेतल्या हॉटेलात चहाचा रिकामा कप दाखवत विचारायचे, "काय धर्मा, पायी आल्ता का?" माणसाने ऐकून तरी किती घ्यायचं! धर्मराजने नवी गाडी घेतली, तर ती उचलच घेईना. हरिओमने लॅपटॉप जोडून निदान केलं, "कंपनीनं इंजिनाचा गळा आवळून ठेवलाय. मी मोकळा करतो, मंग बघा." मीनाला पत्ताही लागू न देता गळा मोकळा झाला. आता पूजा आटोपली की आपली गाडी घेऊन सोबत आलेल्या साडूंना जालन्यापर्यंत धूळ चारायची, एवढीच एक इच्छा उरली होती.

त्यात आज चतुर्थी. मागे ट्रॅक्टर, त्यामागे टेम्पो.

"ओ पाव्हणं, लिंबू फोडा नं जल्दी!"

चार गडी ढकलायला लागले. चाकं जाम. पुजारी हबकून म्हणाले, "लिंबू असं साबूत राह्यलेलं मी न्हाई पाह्यलं कधी." ते ऐकून मीनाचे डोळे पांढरे झाले.

धर्मराजने घाईघाईने कंपनीला फोन लावला. तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, नोंदणीच्या मोबाइलवर ओटीपी गेलाय. तो सांगा, सर्व्हिस सेंटरपर्यंत जाण्यापुरती गाडी चालू करते."

धर्मराजच्या मोबाइलवर काहीच नव्हतं. मग त्याला आठवलं. शोरूममध्ये ओळख बद्रीनाथांची होती, घासाघीसही त्यांनीच केली होती आणि कागदावर नंबरही त्यांचाच पडला होता.

तेवढ्यात बद्रीनाथ मंदिरातून बाहेर आले, मोबाइल हातभर लांब धरून वाचत. "धर्मा, हे काय आलंय रे? 'आपण शक्ती वाढवण्याचा प्रयत्न केला आहे.' मी कुठं केला बाबा? मी तर नारळ फोडून राह्यल्तो!"

गर्दी खो खो हसली. मीना सावकाश नवऱ्याकडे वळली. "शक्ती? तुम्ही वाढवली?"

"बद्रीभाऊ, त्याच्या खालचा ओटीपी सांगा फक्त."

"बिलकुल न्हाई. ओटीपी कुणाला सांगू नका, असं इथंच लिहिलंय. आधी तू सांग, शक्ती कशाला पायजे होती?"

मागून ट्रॅक्टरने भोंगा दिला. फोनमधली मुलगी म्हणाली, "सर, वेळ संपत आलीये."

"तुम्हाला मागं टाकायला!" धर्मराज ओरडलाच.

बद्रीनाथांचा आ वासला तो वासलाच. मग त्यांनी मोबाइल पुढे केला.

गाडी सुरू झाली. लिंबं फुटली, टाळ्याही पडल्या. आणि पडद्यावर नवी अक्षरं आली: वेगमर्यादा ताशी वीस किलोमीटर.

"दाजी, तुम्ही आमच्या मागंच राहा," मीनाने बजावलं. "ही कुठं बंद पडली तं?"

जालन्याच्या रस्त्यावर त्यांना आधी टेम्पोने, मग ट्रॅक्टरने आणि शेवटी कॅन लटकवलेल्या सायकलवरच्या दूधवाल्यानेही मागे टाकलं. मीना घुश्शात खिडकीबाहेर बघत होती. चहाचं हॉटेल जवळ आलं, तसं धर्मराजने आरशात पाहिलं. बद्रीनाथ मागेच होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"हसून काय राह्यले?" मीना कडाडली.

"कुठं काय."

मागून हॉर्न वाजला. चहाची तलफ आलेले बद्रीनाथ खिडकीतून हात काढून पुढे जाऊ दे म्हणत होते.

धर्मराजने साइड दिली नाही.