खंडेनवमीस उघडलेल्या दालनाची हकीकत

श्री. ज्याचे दारी सर्वांस मुभा आणि ज्याचे घरी कुलपास काम नाही, त्या गजाननास आधी दंडवत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार, ते दिवशी राज्यात जो अनर्थ जाहला तो ऐकिला तैसा लिहिला. तिखटमीठ लाविले नाही, कारण प्रकरण मुळातच झणझणीत होते.

राज्य कोणते ते पुसो नये. इमारत चार मजली, माणूस एकशे चाळीस, आणि कारभार अवघा ईमेलच्या सर्व्हरावर चाले. त्या सर्व्हरात सामाईक फोल्डर होते, त्यांस राज्यात दालने म्हणत, आणि कोणी कोणत्या दालनी जावे त्याची मुभा दालनागणिक नोंदिलेली असे, आणि त्या मुभांची किल्लेदारी अनसूयाबाई टिपणीस यांजकडे बावीस वर्षे होती. बाई मोठ्या करारी. सारी दारे त्यांचे हाती, परंतु परक्याचे दालनात त्यांनी कधी डोकावून पाहिले नाही. कोणी पुसले तर म्हणत, "राखण करणाऱ्यानं आत बघायचं नसतं. बघितलं की तो राखणदार नाही, चोर!" आणि हे त्या नुसते बोलत नसत, तैसेच वागत.

ते दिवशी बाई सकाळी दहास आल्या आणि पाहतात तो राज्याची कळाच पालटलेली. जिन्यातील मंडळी त्यांस पाहून गप्प जाहली, आणि कोणी नजर चुकविली, आणि कोणी उगाच कागद चाळू लागले, आणि जे रोज "बाई, पासवर्ड विसरलो" म्हणोन गळ्यात पडत तेही दुरूनच हात जोडते जाहले. बाईंस काही उमजेना. मग मनुष्यबळाचे कारभारी नरहरपंत गद्रे धापा टाकीत आले. चेहरा पांढराफटक.

"बाई, घात झाला! माझं दालन सताड उघडं आहे. माणसं कमी करायची यादी होती त्यात. अकरा नावं! सगळ्या ऑफिसनं वाचली."

बाई मनात हिशेब करो लागल्या. त्या दालनाची मुभा दोघांसच, एक नरहरपंत आणि दुसरे खुद्द सरकार. तिसरा आत शिरला कैसा? तो विचार होतो न होतो तोच हुजुरांचे बोलावणे आले. सरकार म्हणजे रंगराव पाटणे, राज्याचे धनी, एरवी माणूस मायाळू, परंतु ते दिवशी त्यांचे तोंडचे पाणी पळाले होते.

"बाई, दार कोणी उघडलं ते दुपारी दोनपर्यंत मला कळलं पाहिजे. नाहीतर किल्ल्या ठेवा आणि निघा. बावीस वर्षं आहात म्हणून एवढी तरी मुदत देतोय."

बावीस वर्षांत असा शब्द बाईंनी ऐकिला नव्हता. त्या जागेवर येऊन बसल्या, आणि पहिले त्या दालनाची मुभापत्रिका काढिली. नावे दोनच! पत्रिकेत दार बंद, आणि जग आत हिंडते आहे. मग सरकारांनी वा पंतांनी कोणास आपला मुतालिक, म्हणजे आपले वतीने दार उघडणारा, नेमून ठेविले काय ते पाहिले, तर तेही नाही. पंत मागे उभे राहून हात चोळीत होते, ते म्हणाले, "एकदा सर्व्हर बंद करून चालू करून बघा ना."

"घरात चोर शिरला म्हणून दिवा मालवून पुन्हा लावायचा होय, पंत? बसा तिकडे."

आणि मग बाईंनी ती पत्रिका तळापर्यंत नेली, आणि तळाशी एक ओळ फिकट अक्षरांत दिसली, जी सहसा कोणी वाचीत नाही. ओळ अशी: सर्वांस, वाचण्याची मुभा, वरील दालनाकडून आलेली. बाईंनी कपाळास हात लाविला. दालनांचा दस्तूर ऐसा की एका दालनाचे पोटी दुसरे दालन असते, आणि वरच्यास जी मुभा दिली ती पोटातील सर्वांस वारशाने लागू होऊ शकते. मग बाई वरील थोरल्या दालनी गेल्या. तेथेही तीच ओळ! खाली शेरा, 'आतील सर्व दालनांस लागू', मिती आश्विन शुद्ध नवमी, वेळ सकाळी अकरा चाळीस. आणि हुकूम कोणाचे हातचा? सरकारांचा!

येथे राज्याची एक रीत सांगितली पाहिजे. सरकारांचे वडिलांनी राज्य उभारिले ते लेथ मशिनीच्या कारखान्यातून, आणि त्यांचा नेम असा की खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते त्या दिवशी राज्यात एकही कुलूप लागो नये, साऱ्या किल्ल्या पूजेत मांडाव्या. पुढे लेथ गेले आणि संगणक आले, पण नेम चालला. कळफलकांस हळदकुंकू वाहात, सर्व्हरास झेंडूची माळ घालीत. त्या नवमीस पूजेचे फोटो थोरल्या दालनाचे पोटी ठेविले, आणि दारावरचे म्हातारे दौलतमामा कोंडे यांस ते उघडेनात. तेव्हा सरकार कळवळून म्हणाले, "आजच्या दिवशी मामाला दार बंद? द्या इकडे!" आणि धन्यास सर्व अधिकार, सबब त्यांनी आपले हाते सर्वांस मुभा दिली. बाई तेव्हा प्रसादाच्या पुड्या बांधीत होत्या. कपाटांच्या किल्ल्या दुसरे दिवशी ज्याच्या त्याच्या कमरेस गेल्या, आणि ही मुभा मात्र कोणी उचलिली नाही. तेव्हापासून दार उघडेच होते, कोणी ढकलून पाहिले नव्हते इतकेच.

कारण तर सापडले. परंतु बाईंची शिस्त ऐसी की साध्या माणसाचे संगणकावर पडताळा पाहिल्याविना त्या हुजुरांस बोलणार नाहीत. म्हणोन त्या खाली दौलतमामांकडे गेल्या. मामांनी त्यांस येताना पाहिले आणि दोन्ही पंजे पडद्यावर धरिले.

"बाई, तुम्ही नका बघू."

"मामा, दार उघडतंय का तेवढंच बघायचंय. आत नाही बघत मी."

"म्या पयल्यांदा बघितलं बाई, काल. पूजेचा फोटू लेकीला धाडायचा व्हता, शोधता शोधता शेजारचं दार उघडलं. एकाला दावलं, त्यानं गावभर केलं. माझंच चुकलं." मामांचे डोळ्यांतून पाणी वाहो लागले, आणि ते पुसावयास हात उचलले, तो पडदा मोकळा जाहला.

यादीत पहिले नाव अनसूया टिपणीस. पुढे कारण लिहिले होते: गेल्या कित्येक वर्षांत एकही घोटाळा नाही, सबब या पदाची गरज दिसत नाही. मिती श्रावणातली.

 मग बाईंस सकाळचे सारे उमजले. लोक त्यांस दोष देत नव्हते, लोकांस त्यांजकडे पाहवत नव्हते. अवघ्या राज्याने वाचिले होते आणि ज्यांचे हाती दार त्यांनीच वाचिले नव्हते. बाईंनी मामांचे खांद्यावर हात ठेविला, आणि वर गेल्या, आणि 'सर्वांस' ही ओळ काढिली, आणि वारसा तोडिला, आणि पुन्हा खाली येऊन मामांचे संगणकावर दार ढकलून पाहिले. 'मुभा नाही' ऐसे उत्तर आले. तेव्हा दोनास दहा मिनिटे कमी होती.

हुजुरांपुढे बाईंनी नवमीचा शेरा ठेविला. सरकारांनी वाचिला, पुन्हा वाचिला, आणि मटकन खुर्चीत बसले. "मी? मीच उघडलं?" आणि मग बाईंचे चेहऱ्याकडे पाहून त्यांस दुसरेही कळले. "बाई, ती यादी कच्ची होती हो. आत्ताच्या आत्ता रद्द करतो. तुमच्यासकट सगळी नावं."

"रद्द करा, सरकार. दहा घरं वाचतील." बाई पुढे बोलल्या. "पण श्रावणापासून त्या दाराला राखण मीच बसले होते. पूजेला तुम्ही ते उघडलं नसतं ना, तर अजूनही बसले असते. आणि वाटलं असतं, मालकाचं काहीतरी मोलाचं जपतेय."

 बाईंनी किल्लेदारीच्या पत्रिकेतून आपले नाव आपले हाते काढिले, आणि पिशवी घेतली, आणि जिना उतरल्या. दारावर दौलतमामा उठून उभे राहिले आणि बाई रस्ता ओलांडून जाईतो उभेच होते.

येणेप्रमाणे हकीकत. दार धन्याने मायेपोटी उघडिले, आणि बाईंनी बंद केले, आणि यादीतील दहा नावे चाकरीत राहिली. अकरावे आपल्या पायांनी गेले.