रुमाल टाकलेली खुर्ची

आमच्या भिंगारच्या नानांना सरकारी बैठकीला जाताना स्वतःची खुर्ची लागते. एक नाही, दोन. दोन्ही घडीच्या. त्या आडव्या धरून ते माझ्या स्कूटरवर मागे बसतात आणि वाटेत कोणाला पुढे जाऊ द्यायचं हे मला न विचारता ठरवतात. कचेरीत पोचलं की जिन्याच्या तळाशी, मोटरसायकलींच्या गर्दीत, दोन्ही खुर्च्या मांडतात. एकीवर स्वतः बसतात. दुसरीवर खिशातला रुमाल टाकतात, एस्टीच्या खिडकीतून टाकतात तसा.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा साहजिकच त्या दुसऱ्या खुर्चीवर बसायला गेलो. नानांनी रुमालाकडे बोट दाखवलं. म्हणाले, "मास्तर, जागा धरलेली आहे. नोंद घ्यावी." मी सगळा वेळ उभा होतो. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालेला, म्हणजे नानांच्या हिशेबी डेपोत उभी असलेली रिकामी गाडी. तिला बसायला कशाला लागतं?

"नोंद घ्यावी" हे नानांचं पालुपद. एस्टीत ते वाहतूक नियंत्रक होते, नगरच्या स्टँडवर गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेली. माईक बंद पडला तरी कोणाच्या लक्षात येत नसे, असा आवाज. नाना निवृत्त झाले, आवाज झाला नाही. दारात दूधवाला आला की ते बायकोला आत कळवतात, "दूध लागलेलं आहे," आणि अर्धी आळी पातेली घेऊन बाहेर येते.

आता ही बैठक कसली, तेही सांगतो. दिव्यांगांच्या हक्कांबद्दल सरकारला सल्ला द्यायला जिल्ह्याची एक समिती आहे. तिच्या बैठकीला नागरिकांनी यावं, तीन मिनिटं बोलावं, अशी सोय आहे. सोय चांगलीच आहे. फक्त बैठक दुसऱ्या मजल्यावर भरते आणि लिफ्टवर 'दुरुस्ती चालू आहे' अशी पाटी आहे. लिफ्टची दुरुस्ती झाली नाही, पाटी मात्र मध्यंतरी नवीन करून लावली. त्यामुळे ज्यांच्यासाठी बैठक, ते सोडून बाकी सगळे तिथे पोचतात आणि कामकाजात लिहिलं जातं की नागरिकांचा प्रतिसाद अल्प.

नानांचे पाय ठणठणीत आहेत, पण ते त्या जिन्याची एक पायरी चढत नाहीत. मागणी एकच, बैठक खाली आणा. तोवर त्यांचा लोकसहभाग तळातून चालतो. वर अध्यक्षबाईंनी विचारलं की कोणाची काही सूचना, तर जिन्यातून उत्तर येतं, "आहे." शिपाई खाली येऊन विनवतो की नाना, वर चला, चहा आहे. नाना सांगतात, चहा खाली पाठवा, नागरिक खाली आहेत.

घरी असतात इंदूकाकू, नानांच्या पत्नी. एके काळी ओट्यावर बसून आळीतली भांडणं मिटवणारी बाई. अर्धांगवायूने एक पाय गेला, तरी वॉकर घेऊन ओट्यावर यायच्या. मग एकाएकी तेही थांबलं. आता खिडकीपर्यंतच. नाना बैठकीला का जातात म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "जाऊ द्या हो. घरात जरा शांतता होते."

मग एका बैठकीत वर मतदान केंद्रांवरच्या सोयींची चर्चा होती. तालुक्या-तालुक्यांतून सदस्य आले होते. नानांनी खालून पहिली सूचना केली आणि वरचं दार धाडकन बंद झालं. असं आधी कधी झालं नव्हतं. मला वाटलं, आज संपलं. नाना उठले. सदरा नीट केला, एक हात सवयीने कानावर ठेवला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. दुसऱ्या मजल्यावर लागलेली बैठक आता तळमजल्यावर, फलाट क्रमांक एकवर लागत आहे."

मग दार उघडलं. आमच्या जिल्ह्यातला माणूस जन्मभर एस्टीने हिंडलेला. फलाट बदलला म्हटलं की त्याचे पाय आधी निघतात, डोकं मागून येतं. बगलेत पिशव्या मारून अख्खी समिती जिना उतरली. सगळ्यात पुढे अकोले तालुक्याचे एक शेतकरी सदस्य. त्यांनी शेवटच्या पायरीवरूनच रिकाम्या खुर्चीवर उपरणं फेकलं. नानांनी ते घडी करून परत दिलं. तेव्हा कुठे त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "गाडी कंची म्हनले?"

अध्यक्षबाई सगळ्यात शेवटी आल्या, तावातावानेच. पण वर आता फक्त बिस्किटं उरली होती. ज्येष्ठ सदस्यांनी जिना एकदा खालून वर पाहिला आणि पायऱ्यांवर बैठक मारली. अकोलेकर म्हणाले, "आता उतरलोच हाय तर हितंच उरका, म्याडम." बाईंनी लिफ्टवरची पाटी वाचली. बहुधा पहिल्यांदाच. मग शिपायाला म्हणाल्या, चहा खाली आण.

मी नानांकडे पाहिलं. गडी जिंकला होता, पण चेहरा पार उतरला होता. ते माझ्या कानाशी आले. "मास्तर, हिला घेऊन या. पायऱ्या नाहीत म्हणावं. आधी तेच सांगा."

मी आधी तेच सांगितलं. काकूंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली आणि इस्त्रीची साडी मागितली. रिक्षात त्या आपणहून बोलायला लागल्या. पहिल्या बैठकीला दोघंही गेले होते. शिपाई म्हणाले, आजींना उचलून नेतो. काकू म्हणाल्या, मी काय पोतं आहे का? तुम्ही जा, बोला, मी बसते इथे पायरीवर. नाना गेले, वर छान बोलून आले.

"तोवर कुनीतरी माझ्या पदरात पाच रुपये टाकून गेलं," काकू म्हणाल्या. "मी हसले. ते नाही हसले."

मी जिन्याखालच्या त्या दोन खुर्च्यांचा विचार करत राहिलो. मला फार वाईट वाटलं.

कचेरीत नाना उभे राहून बोलतच होते. तीन मिनिटं केव्हाच उलटली होती. अध्यक्षबाई घड्याळ दाखवत होत्या आणि नाना सांगत होते, "गाडी थोडी उशिरा धावत आहे, नोंद घ्यावी." रिक्षा दिसली तसे ते वाक्य अर्धं सोडून थांबले. रुमाल उचलला, त्यानेच खुर्ची पुसली. काकू बसल्या, पदर सावरला.

"मागच्या मतदानाला मला चौघांनी खुर्चीसकट उचलून शाळेच्या पायऱ्या चढवल्या. आता म्हनतात, घरी येऊन मत घेऊ. घ्या, ज्याला पायजे त्याचं घ्या. मला केंद्रावर जायचंय. माझी मी. आन् बोटाला शाई लावून आळीतून परत यायचंय. तेवढा उतार बांधा."

अध्यक्षबाईंनी स्वतःच्या हाताने लिहून घेतलं, बैठकीची जागा यापुढे तळमजला हेही लिहिलं, आणि मग सवयीने नानांकडे वळल्या. तुमची आणखी काही सूचना?

नाना सर्वांत खालच्या पायरीवर, काकूंच्या पायाशी बसले होते. रुमाल मुठीत घट्ट धरलेला. त्यांनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "माझी गाडी आली."

पण इतक्या हळू, की बाईंना दोनदा विचारावं लागलं, काय म्हणालात?