तळेगावचा गाता तवा

बिडाचं भांडं डोळ्यांनी पाहायचं नसतं, कानांनी पाहायचं असतं, असं तळेगावच्या नत्थूजींचं मत होतं. आणि सबंध आष्टी तालुक्यात या मतावर अपील नव्हतं. तवा डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा, उजव्या हातातल्या पितळी अंगठीनं कडेवर टोला द्यायचा, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. एका कढईच्या आवाजावरून त्यांनी सांगितलं होतं, की ती ओतणाऱ्याला त्या दिवशी पडसं झालं होतं. चौकशीला कोणी गेलं नाही. नत्थूजींच्या कानावर शंका घेणं म्हणजे मारुतीच्या शेपटीवर शंका घेणं. एका दुकानदाराची निम्मी भांडी त्यांनी उभ्या उभ्या फुटकी ठरवली, तेव्हापासून तो बिचारा बांगड्या विकतो. म्हणतो, या फुटल्या तर निदान सगळ्यांना दिसतात.

अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर नत्थूजींच्या एकुलत्या लेकीला, नलूला, वर्ध्याचं स्थळ आलं. मुलाचे वडील रूपराव कापसाच्या बाजारात मापाडी. घरात चालायचं मात्र मुलाच्या आईचं, आनंदाबाईंचं. त्यांचा निरोप आला, "पोरगी पाहायले येत्या रविवारी येतो. चहापोहे नको. तिनं आमच्यापुढं धिरडं टाकावं, मंग बोलू."

आधीचं एक स्थळ जमता जमता मोडलेलं. त्यामुळे सगळं घर या एका धिरड्यावर टांगलेलं. आणि घरचा तवा तर नत्थूजींच्या आईच्या काळापासून घासून घासून इतका पातळ झालेला, की चूल पेटली की वरून जाळ दिसायचा.

"आष्टीच्या बाजारातून बिडाचा तवा आना," मनकर्णाबाईंनी नवऱ्याला बजावलं. "पण नुसता वाजवू नका. उलटा करून पाहा. जाडी चहूकडून सारखी पायजे. अंगावर बारीक भोकं नसावी. मेण अन् काजळी भरून बुजवते लोकं. नखानं खरवडून पाहा."

"तू मले बीड शिकवून राह्यली काय?" नत्थूजी म्हणाले. त्यांनी अंगठी राखेनं घासली आणि बाजार गाठला.

भांडीवाले भैय्याजी त्यांना दुरूनच पाहून घाम पुसू लागले. नत्थूजी दुकानापुढे उकिडवे बसले तशी बाजारातली माणसं गोळा झाली. गंगेत डुबकी मारणाऱ्याकडे पाहावं तशी पाहू लागली.

पहिला तवा 'ठक' वाजला. "याले खोकला हाय," नत्थूजी म्हणाले.

दुसरा 'ठण' म्हणून गप्प झाला. "हा बोलते, पण मनातलं सांगत नाई."

मग त्यांनी ढिगाच्या तळातून एक तवा ओढला आणि टोला दिला.

आता हे ऐकणाऱ्याला खरं वाटणार नाही, पण त्या तव्यातून जो आवाज निघाला तो थांबेचना. भैय्याजींनी तंबाखू काढली, चुना लावला, मळली, दाढेखाली धरली, तरी तवा गातच होता. बैल रवंथ करायचे विसरले. मिरच्या विकणाऱ्या शकुबाईंनी पायातल्या चपला काढून हात जोडले. बाजाराशेजारच्या शाळेतली पोरं सुटी झाली समजून घरी गेली, आणि त्यांच्यामागून मास्तरही.

नत्थूजींच्या डोळ्यांत पाणी आलं. जन्मभर ज्या आवाजाची वाट पाहिली तो हा. खात्री करावी म्हणून त्यांनी आणखी दोन टोले दिले, टण्ण, टण्ण. तिथेच घोटाळा झाला. रस्त्याच्या कडेला तळेगावची मोटार उभी होती. कंडक्टर खाली चहा पीत होता, पण दोन घंट्या ऐकून ड्रायव्हरनं नेमाप्रमाणे गाडी हाणली. मोटार रिकामी गेली. तिच्यामागे कंडक्टर, हातात कपबशी.

"नत्थूजी, ऐका माझं," भैय्याजी हळूच म्हणाले. "एवढं गाणारं बीड कडक रायते. चुलीवर दगा देते. हा दुसरा न्या, 'ठण' म्हणून चूप बसणारा. तोच संसाराले चांगला."

"गप बसा हो भैय्याजी," गर्दीतलं कोणी म्हणालं. "आवाज अजून सरून नाई राह्यला."

मोटार गेलेली, म्हणून नत्थूजी तवा डोक्यावर घेऊन पायी निघाले. वाटेत तो वाऱ्यानंही गुणगुणत होता म्हणतात. वावरातली माणसं कामं टाकून मागे लागली. तळेगावच्या वेशीत ते शिरले तेव्हा मागे एवढी वरात होती, की लोकांना वाटलं नलूचं लग्न उरकलंसुद्धा.

मनकर्णाबाईंनी तवा हातात घेतला, उलटा केला, कडेवरून अंगठा फिरवला. "एका अंगानं जाड, एका अंगानं पातळ," त्या म्हणाल्या. "आता आणलाच हाय तर आजपासून तेल पाजते, कांदा घासते, मंद आचेवर बसवते. रविवारपावतर कामाचा होईल."

"तेल?" नत्थूजी तव्यापुढे आडवे झाले. "तेल पाजलं तर त्याचा गळा बसन."

तेल राहूनच गेलं. रोज तवा ऐकायला माणसं येऊ लागली. कोणी फूल वाहिलं, कोणी कुंकू लावलं. भजनी मंडळाचे बापूजी तर टाळ बदल्यात देऊन तवा मागायला आले. नलू एकदा भीत भीत म्हणाली, "बाबा, तवा आहे तो. एकडाव चुलीवर ठेवून तर पाहू." तर नत्थूजी म्हणाले, "सोन्याच्या हरणाले कोणी नांगराले जुंपते काय, बाई?"

रविवारी पाहुणे आले. नत्थूजींनी पाणी देण्याआधी तवा वाजवून दाखवला. रूपरावांची मान जी डोलायला लागली ती डोलतच राहिली. "मी आयुष्यभर कापूस मापला," ते म्हणाले, "आज समजलं, काहीच ऐकलं नाई."

"पुरे ऐकणं," आनंदाबाई पाटावर बसत म्हणाल्या. "टाक पोरी धिरडं."

नलूनं बापाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, आणि तवा चुलीवर ठेवला. तो तापला. तिनं गार पीठ वाटीनं सोडलं मात्र, तवा एवढ्या मोठ्यानं गायला, की आढ्यावरची कबुतरं उडाली, आणि त्याच सुरात दुभंगला. एक फाक चुलीच्या अलीकडे, एक पलीकडे, आणि धिरडं जाळात.

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. झालं, हेही स्थळ गेलं.

नत्थूजी सावकाश उठले. त्यांनी लहान फाक फडक्यानं उचलली, बोटांवर तोलली, डोळे मिटले आणि अंगठीनं टोला दिला. 'ठप.' बराच वेळ त्यांनी कान लावून ठेवला. मग डोळे उघडून, कुठलीही शंका न ठेवता सांगितलं, "हा फुटका हाय."

"द्या बरं इकडं," रूपराव म्हणाले. त्यांनीही डोळे मिटले, टिचकी मारली, ऐकलं. "वा, इवाईबुवा. काय कान हाय तुमचा. फुटकाच हाय."

तोवर नलूनं मोठी फाक चिमट्यानं सारखी करून निखाऱ्यांवर टेकवली होती, कांद्याच्या फोडीनं तेल फिरवलं होतं आणि पाटापुढच्या ताटलीत अर्ध्या चंद्रासारखं धिरडं वाढलंही होतं. आनंदाबाईंनी घास घेतला. मग एकदा नत्थूजींकडे पाहिलं. एकदा स्वतःच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो अजून फुटक्या फाकेला कान लावून बसला होता.

"पोरी," त्या म्हणाल्या, "असा मानूस घरात सांभाळायची सवय हाय तुले?"

"लहानपणापासून," नलू म्हणाली.

"मंग जमलं समज. आमच्याही घरी एक हाय."