लिंबू टोचलेला चाकू

पत्रूने चामोर्शीच्या बाजारातून आणखी एक मोडकी वस्तू घरी आणली, तेव्हा कुंता चुलीपुढे बसली होती. या वेळी चाकू होता, खिशात ठेवायचा, घडीचा. इंग्रज साहेब विलायतेला गेला आणि चाकू इथेच राहिला, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. साहेबाने तो का टाकला, हे पाहताक्षणी कळत होतं. गंजून पातं आत अडकलं होतं आणि मुठीची एक बाजू गायब होती.

“हा उघडते तरी का?” कुंताने नवऱ्याला विचारलं.

“उघडंल ना. रोज कामात येईल, पाहाजो तू.”

“मागं कंदील आनला, तो पेटला नाई. छत्री आनली, ते मिटली नाई. आता हा चाकू नाई चालला, त बाजार मी करीन. तुमी घरी बसजा.”

बाजार म्हणजे पत्रूचा जीव की प्राण. आठवड्यातून एकदा चहा, चार ओळखीचे, गावोगावच्या भानगडी. तोच हातचा जाणार म्हटल्यावर पत्रू हात धुऊन चाकूच्या मागे लागला. मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलात भिजवून त्याने पातं सोडवलं. तलावाच्या पाळीवरच्या दगडावर घासून धार काढली. बांबूची कामटी बांधून मूठ पुरी केली. पण सांधा इतका सैल झाला की चाकू आपोआप मिटायचा. पत्रूने सांध्याच्या खिळ्यावर हातोडा हाणला. तो जरा जास्तच बसला आणि चाकू उघडा तो उघडाच राहिला.

आता खिशातला चाकू खिशात जाईना. पहिल्याच प्रयत्नात बंडीचा खिसा फाटला. मग पत्रूने परसातलं लिंबू तोडून टोकाला टोचलं. लिंबासकट तो खिशात मावेना, म्हणून हातात धरून ऐटीत बाजाराला निघाला.

टोकाला लिंबू टोचलेला चाकू हळद लागलेल्या नवरदेवाशिवाय कोण मिरवतो? हा विचार पत्रू सोडून सगळ्यांच्या मनात आला.

“पत्रूभाऊ, दुसरं लगन करून राह्यले का?” भाजीवाल्या शकुबाईने विचारलं.

“नाई वो बाई!” पत्रू ओरडला. पण पुढे कोणी चहा पाजला, कोणी बसायला जागा दिली. त्याचं ‘नाई’ बारीक होत गेलं आणि शेवटी तो नुसताच लाजू लागला.

त्याच्याआधी बातमी घरी पोचली. अंगणात कुंताचा भाऊ मुखरू काठी घेऊन उभा होता.

“बोला भाटवे, पोरगी कोनाची?” त्याने मेहुण्याला दरडावलं.

पत्रू दोन पावलं मागे सरला. “पोरगी कायची? टोक लागते म्हून लिंबू लावलं!” लिंबू उपटून त्याने टोपलीतलं वांगं घेतलं आणि सपासप फोडी केल्या. धार खरोखरच चांगली होती. मुखरूने काठी भिंतीला टेकवली. पत्रूचा बाजार वाचला.

कुंता हसली. “मी सांगतच होती दादा. यायले आता कोन पोरगी देते?”

विषय तिथेच संपला असता. पण दिवसभर नवरदेवाचा मान घेतलेल्या माणसाला ते फार लागलं.

“काऊन नाई देनार?” पत्रू छाती काढून म्हणाला. “बाजारात चहा पाजनारा देवाजी त आपली साळी, बायकोची बहीन, दाखवाले तयार होता. पुढच्या बाजारी ये म्हने!”

मुखरूचा हात काठीकडे गेला. कुंताने तो शांतपणे धरला.

“राहू दे दादा. पुढच्या बाजारी मीच जाईन, देवाजीभाऊलेही भेटून येईन. हे घरी बसून वांगे चिरतीन. चाकू मस्त चालते.”