दातांनी न सुटणारी गाठ

माझ्या आईच्या गुडघ्याची पट्टी मी नऊ दिवस गुरांच्या दवाखान्यातल्या माणसाकडून बदलून घेतली. मला हे माहीत नव्हतं. आणि माहीत नव्हतं याचं कारण, मी विचारलं नव्हतं.

झालं असं, की आईचा उजवा गुडघा बदलला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "दिवसाआड पट्टी बदला. जखम लाल झाली, वाहायला लागली, ताप आला, तर ताबडतोब आणा. आत धातूचा सांधा आहे. जंतू तिथवर पोचले तर सगळं पुन्हा उघडावं लागेल." मग नर्स मला पट्टी बदलायला शिकवू लागली. पट्टी निघाली. गुडघ्यावर टाक्यांच्या जागी उभ्या ओळीत ठोकलेल्या पिना मला दिसल्या आणि त्यानंतर एकदम छताचा पंखा दिसला. पडताना माझं कपाळ खाटेच्या कडेवर आपटलं होतं. नर्सनं आधी माझी पट्टी केली.

आई खाटेवरून म्हणाली, "याले भरती करून घ्या, मी चालली घरी."

आम्ही वाडी नावाच्या, ट्रक-गोदामांच्या वस्तीत राहतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी, ट्रकांच्या धुळीनं पिवळी झालेली एक पाटी आहे : 'मो. ना. भोयर, सेवानिवृत्त व्रणोपचारक'. व्रण म्हणजे जखम, एवढं मराठी मला येतं. मी सरळ जाऊन दार वाजवलं. सत्तरीचे, काटक, पांढऱ्या शुभ्र बंडीतले भोयर काका बाहेर आले.

"काका, पट्टी करून द्याल का? पिना ठोकल्या आहेत."

"कोणाले?"

"आईला."

काकांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "माणसाची?"

आता यावर शहाण्या माणसाला काहीतरी सुचायला हवं होतं. मी मात्र म्हणालो, "हो, माझ्याच आईची." काका आत गेले, कोपरापर्यंत हात धुऊन आले आणि म्हणाले, "चला मालक."

'मालक' ही त्यांची हाक मला फार आवडली. मी एका गोदामात मॅनेजर आहे, तरी तिथे मला कोणी धड साहेब म्हणत नाही. इथे एक वडीलधारा माणूस मला मालक म्हणत होता! मी घरात थोडा ताठ चालायला लागलो.

काकांची पद्धत पक्की होती. दवाखान्यातून मिळालेला कागद ते आधी दोनदा वाचत. कागदावर असेल तेच औषध, तीच पट्टी. मी एकदा घरातली हळद आणली, तर त्यांनी मला वाटीसकट स्वयंपाकघरात परत पाठवलं. खोलीत शिरताना ते दुरूनच बोलायला लागत, "आलो बरं का माय, आलो." खाटेच्या बाजूनं येत, कधीच पायांच्या दिशेनं नाही. आधी खाटेवर थाप, मग आईच्या खांद्यावर हलका हात, मगच गुडघा. काम चालू असताना एकसुरी पुटपुट चाले, "हो माय, हो... झालंच... हो." आई, जी नर्सला दोनदा ढकलून बसली होती, ती डोळे मिटून पडून राही.

प्रश्न मात्र ते मला विचारत. आई समोर असताना! "रात्री बसली होती का उभी?" "खाणं टाकलं का?" "पाणी किती पेली?" मग आईच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून म्हणत, "ताप नाही." मला वाटलं, जुन्या लोकांची पद्धत असेल. मी ती आमच्या गोदामात एका शिपायावर करून पाहिली. तो अजून माझ्याशी बोलत नाही.

आणि गाठ! पट्टी संपली की वरून एक कापडी फीत गुंडाळून ते अशी गाठ मारत, की तिच्याकडे पाहतच राहावं. पहिल्या दिवशी ते अभिमानानं म्हणाले, "दातानं नाही सुटत."

आई म्हणाली, "दात आहेतच कुठं, भोयरजी?"

दोघं हसले. मीही हसलो. मला वाटलं, विनोद आहे.

सगळ्यात विचित्र म्हणजे वास. जुनी पट्टी काढली, की काका ती जखमेकडे न बघता आधी नाकाशी नेत. डोळे मिटत. अत्तर विकत घेणारं गिऱ्हाईक जशी मान कलती करतं, तशी मान कलती करत. "साफ," म्हणत आणि मग जखम बघत. मी त्या वेळी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत असे.

नवव्या दिवशी, रविवारी, त्यांनी पट्टी हुंगली आणि 'साफ' म्हटलं नाही. पुन्हा हुंगली. मग खाली वाकून पिनांच्या खालच्या टोकाशी चेहरा नेला.

"मालक, गाडी काढा."

"का? काय झालं?"

"वास बदलला."

मी धीर करून एका डोळ्यानं पाहिलं. लाल नव्हतं, वाहत नव्हतं. तरी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. निदान मला तसं वाटलं. दोन मिनिटांत उत्तर आलं, 'शुभ प्रभात' आणि जोडलेले हात. आईचा गुडघा मी गोदामाच्या ग्रुपवर टाकला होता.

"काका, उद्या सोमवार आहे, उद्या जाऊ की."

काकांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "उद्या काहून? आत लोखंड आहे न! काढता का नाही गाडी?"

डॉक्टर दवाखान्यातच होते. त्यांनी खालच्या दोन पिना काढल्या, दाबलं, आणि थेंबभर पू बाहेर आला. मी भिंत धरली. "वरवरचं आहे," डॉक्टर म्हणाले, "सांध्यापर्यंत गेलेलं नाही. पण आणखी दोन-तीन दिवस गेले असते, तर काही सांगता आलं नसतं. बाहेरून तर काहीच दिसत नव्हतं. कोणी ओळखलं?"

मी मालकासारखा पुढे झालो. "आमचे भोयर काका. एकतीस वर्षं नोकरी केलीय."

"वा! कुठल्या हॉस्पिटलात?"

काका दाराशी उभे होते. जमिनीकडे बघत म्हणाले, "कळमेश्वरले. गुरांच्या दवाखान्यात."

मला स्वतःच्या कानाची पाळी गरम होताना जाणवली. मालक. बसली का उभी. खाणं टाकलं का. दातानं नाही सुटत. नऊ दिवसांतलं एकेक वाक्य ओळीनं माझ्यासमोर येऊन उभं राहिलं आणि प्रत्येकाला चार पाय होते.

डॉक्टरांनी काकांचे हात उलटेपालटे करून पाहिले. "स्वच्छ आहेत," ते म्हणाले. "चालू ठेवा. पण आता दर दोन दिवसांनी मला दाखवा."

घरी येताच मी आईवर उखडलो. "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी. कान पाह्यला न त्यायनं, तवाच. आमच्या घरी वीस गुरं होती गा."

"मग सांगितलं का नाही?"

"तुले सांगतलं असतं तर तू अजून पडला असतास."

दुसऱ्या सकाळी काका आले नाहीत. डॉक्टरांनी आता रोज पट्टी सांगितली होती. मी तणतणत त्यांच्या घरी गेलो. ते ओसरीत एकटेच बसले होते. समोर धुऊन वाळत घातलेली फीत.

"काका, तुम्ही मला सांगायचं होतं."

"तुमी विचारलं नाही." मग ते फितीची घडी करू लागले. "मायी बायको होती. साखरेची बिमारी होती तिले. पायाले जखम झाली. मी म्हटलं, दाखव. म्हणे, गुरायचे हात मले लावू नका. तिले किळस ये. सरकारी दवाखान्यात जाये पट्टी कराले." घडी उलगडून त्यांनी पुन्हा घातली. "एक दिवस जेवाले बसलो, अन् मले वास आला. ताटावरून उठलो. दाखव वं, म्हटलं, एकदा दाखव. नाही दाखवला. आठ दिवसांनी पाय काढला. मग ती पण गेली."

बाहेर एक ट्रक मागे घेत होते, त्याचं पींपीं ऐकत आम्ही दोघं बसलो.

"एकतीस वर्षांत माणसासाठी कोणी बोलावलं नाही," काका म्हणाले. "तुमी आले. मले वाटलं, माहीत असून आले."

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणालो, "आईला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तिनंच बोलावलंय."

काका उठले. कोपरापर्यंत हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. आमच्या दारात येऊन मात्र थबकले. 'आलो बरं का माय' त्यांच्या तोंडून निघेना. खोलीच्या उंबऱ्यावर ते नुसते उभे राहिले.

आईनं आतून पाहिलं. लुगडं गुडघ्याच्या वर सारलं आणि पाय त्यांच्या दिशेनं पुढे केला.

काका बाजूनं आले. खाटेवर थाप मारली. "हो माय," ते म्हणाले. पट्टी सोडली, नाकाशी नेली, डोळे मिटले. आम्ही दोघं त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"साफ."

मला एवढा आनंद झाला, की मी जखम बघायला पुढे वाकलो. पिना दिसल्या. पंखाही दिसायला लागला. मी खाटेचा दांडा धरला, खाट हलली, काकांच्या हातातली कात्री खाली पडली.

"भोयरजी," आई म्हणाली, "मी नाही पाय झटकत, माही चिंता नका करू. आधी याले बाहेर दाराशी बांधून या."