एकवीस पावलं मागे

एका जंगलात गेनबा नावाचा रानडुक्कर राहत होता. कुठल्या जंगलात, ते विचारू नका. भूगोलाचं पुस्तक हाती येण्याआधीच शाळेनं माझ्यापासून अंतर ठेवलं.

तर बाळांनो, हात पायांवर ठेवा आणि ऐका. ज्यांचे केस पिकलेत त्या बाळांनीसुद्धा.

गेनबा मनानं वाईट नव्हता. पण त्याच्या डोक्यात विचार आला रे आला, की तो पुरा व्हायच्या आत गेनबा पळत सुटलेला असायचा. एकदा त्याला वाटलं, शेजारचा सावळाराम आपल्याला हसला. झालं. मान खाली, शेपूट वर, धडक.

सावळाराम हसला नव्हता, शिंकला होता. आणि सावळाराम साळिंदर होता.

गेनबाच्या थोबाडात सदतीस काटे रुतले. त्याची बायको भागाबाई दोन दिवस ते दातांनी उपटत बसली. शेवटचा काटा थुंकून ती म्हणाली, "मी चालले आईकडे."

"अगं, का पण?"

"तुमच्या डोक्यात आलेलं थेट पायांत उतरतं. मधे एक थांबा नाही. सात दिवस कुणाला धडक न मारता राहून दाखवा, मग येते."

नऊ पिल्लांना घेऊन ती ओढ्यापलीकडे निघून गेली. घर एवढं शांत झालं, की गेनबाला स्वतःचं खाणं ऐकू यायला लागलं. तसं खाणं त्याला गोड लागेना.

त्या जंगलात एक तळं होतं. तळ्याच्या मधोमध बगळेसर एका पायावर उभे असायचे. ते हलत नसत, म्हणून सगळे त्यांना ज्ञानी म्हणत. बोलून चालून शिबिर भरवण्याएवढं ज्ञान त्यांच्यापाशी होतंच.

काठावर बसून गेनबानं आपलं रडगाणं सांगितलं.

"सोपं आहे," सर म्हणाले. "विचार आला की तो डोक्यातून काढून समोर जमिनीवर ठेवायचा. डोळे मिटायचे. एकवीस पावलं मागे जायचं. मग डोळे उघडून लांबून बघायचं. लहान दिसला तर सोडून द्यायचा."

"आणि मोठा दिसला तर?"

"लांबून काहीच मोठं दिसत नाही," सर म्हणाले आणि त्यांनी मान घालून एक मासा गिळला.

"सर, ह्या विचारापासून तुम्ही लांब नाही गेलात?"

"तो विचार नव्हता. नाश्ता होता."

गेनबा कामाला लागला. रोज पंधरावीस विचार जमिनीवर ठेवायला लागला. वाटेनं कुणी आलं की म्हणायचा, "जरा बघून चाल बाबा, तिथे माझा विचार आहे." चौथ्या दिवशी एक विचार सापडेना. करवंदीच्या डावीकडे ठेवला की उजवीकडे, हे शोधण्यात त्याची दुपार गेली. ते बघून सावळाराम या खेपेला खरंच हसला. गेनबानं तो विचारही खाली ठेवला, डोळे मिटून मागे मागे गेला आणि चिखलात पडला. पण डुकराला चिखलात पडल्याचं दुःख होत नाही, एवढं सृष्टिज्ञान मलाही आहे.

सहा दिवस गेले. एकही धडक नाही.

सातव्या दिवशी संध्याकाळी ओढा ओलांडून भागाबाई आली. मागे नऊ पिल्लं, रांगेनं. तळ्याच्या काठावर गेनबा अंग धुऊन वाट बघत उभा होता. गंमत बघायला सावळारामही आला होता.

आणि झुडपातून वाघ बाहेर आला. नीट धाकट्या पिल्लाच्या दिशेनं.

गेनबाच्या कपाळात विचार पेटला: धडक मार. आयुष्यात एवढा मोठा विचार त्याला आला नव्हता. पण त्याला आठवलं, आज सातवा दिवस. आज चुकलो तर ही परत जाईल, पिल्लांना घेऊन.

त्यानं विचार काढून गवतावर ठेवला. डोळे मिटले. एक. दोन. तीन.

"अहो, वाघ."

"बघितला. डोळे मिटायच्या आधीच बघितला."

"मग?"

"सहा. बोलू नकोस, मोजणी चुकते. सात."

भागाबाईनं काहीच खाली ठेवलं नाही. मान खाली घातली आणि वाघाच्या बरगडीत अशी घुसली, की वाघ चार पावलं मागे सरकला आणि मटकन बसला. मागे सावळाराम होता. सावळाराम तयारीत होता.

वाघ उठला आणि पळाला. त्यानं पावलं मोजली नाहीत.

"एकवीस," गेनबा म्हणाला आणि त्यानं डोळे उघडले. गवताकडे निरखून बघितलं. "भागे, नीट बघितला. विचार अगदी योग्य होता."

आणि त्यानं तो अमलात आणला. मान खाली, शेपूट वर. समोर वाघ नव्हता. समोर तळं होतं आणि तळ्यात सर होते.

सर कसेबसे उडून जांभळाच्या फांदीवर बसले. दोन पिसं पाण्यावर तरंगत राहिली.

भागाबाईनं वर बघितलं. "मास्तर, एवढ्या उंच मानेचे तुम्ही. वाघ तुम्हाला आधी दिसला असेल की."

"दिसला होता," सर पंख झटकत म्हणाले. "पण लांबून लहान दिसला."

गेनबा गाळ निथळत काठावर आला. पिल्लं त्याच्या पायांत घुसली. तो मान वर करीना.

"सात दिवस झाले?" भागाबाईनं विचारलं.

"झाले."

"कुणाला धडक मारली?"

"एका बगळ्याला."

"त्याला मी धरत नाही," ती म्हणाली आणि घराच्या वाटेला लागली.

तात्पर्य: विचारापासून एकवीस पावलं लांब राहावं, वाघापासून बावीस. आणि हे शिकवणारा पाण्यात उभा आहे की काठावर, ते आधी बघून घ्यावं. आता हे तात्पर्य समोर ठेवा, डोळे मिटा आणि मागे चालायला लागा. मागे जिना असेल, तर तो तुमचा तुम्ही बघा.